बोटं छाटली नव्हती

कलावंतावर सिनेमा आला की महाराष्ट्रात दोन वाद ठरलेले. त्याचं राजकारण कशाला घुसवलंत, नुसती गाणी दाखवायची होती, हा एक. माणसाचा देव करून टाकलात, हा दुसरा. परदेशातल्या मराठी ग्रुपांवर हेच वाद दोन दिवसांनी येतात आणि जास्त जोरात होतात, कारण इथे बसून बोललेल्याची झळ आपल्याला लागत नाही. या वादात पडण्याआधी फ्लोरिडातल्या मराठी मंडळींनी तरी चिलीचा गायक विक्तोर हारा याच्या हत्येवरचा माहितीपट बघावा. 'मॅसकर ॲट द स्टेडियम', २०१९ सालचा, नेटफ्लिक्सचा. हत्या चिलीच्या राजधानीतली, सांतियागोतली, पण खटला चालला ऑरलँडोत, आणि आरोपी राहत होता डेल्टोनात. आय-फोर महामार्गावरून डेटोना बीचला जाताना आपण ज्या गावावरून जातो, तेच.

हारा शेतमजुराचा मुलगा. आई अमांदा लग्नाला आणि मयतीला गायची, गाणं त्याच्यात तिच्याकडून आलं. पुढे तो नाट्यदिग्दर्शक झाला, सांतियागोच्या तंत्र विद्यापीठात कामाला लागला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे तिथे एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला यायचे होते आणि हारा गाणार होता. त्या सकाळी लष्कराने उठाव केला, राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांनी बॉम्ब टाकले, आयेंदे त्याच दिवशी मरण पावले. हारा रात्रभर विद्यापीठात अडकला आणि दुसऱ्या दिवशी शेकडो विद्यार्थी-प्राध्यापकांबरोबर धरला गेला.

राजकारण वगळा म्हणणाऱ्यांनी त्याचं अमांदाचं गाणं ऐकावं. पावसात भिजत अमांदा नावाची एक मुलगी कारखान्याकडे धावत जाते, तिथे काम करणाऱ्या मानुएलला भेटायला. सुट्टी पाच मिनिटांची. भोंगा वाजतो, आणि पुढच्या कडव्यात मानुएल डोंगरात मारला जातो. यातलं प्रेम कुठे संपतं आणि राजकारण कुठे सुरू होतं, ते कात्री घेऊन दाखवता येईल का? अण्णाभाऊंची मैना गावाकडे राहिली, ती बायको होती की बेळगाव-कारवार होतं, याचंही उत्तर आपण एका शब्दात देत नाही.

देव करण्याचा वाद मात्र मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण हाराच्या बाबतीत ते प्रत्यक्ष घडलं. हजारो कैद्यांसमोर त्याची बोटं छाटली, मग 'आता वाजव' म्हणून गिटार पुढे केली, ही कथा जगभर पसरली. पसरवणारे बहुतेक चिलीबाहेरचे, मनापासून हळहळणारे लोक होते. पण बोटं छाटली नव्हती. त्याची बायको जोन शवागारात गेली तेव्हा हात जागेवर होते, फक्त मनगटं मोडल्यासारखे विचित्र लटकत होते. बंदुकीच्या दस्त्यांनी ते ठेचले होते. अंगावर गोळ्यांच्या चाळीसहून जास्त जखमा होत्या. एवढं खरं असताना वर आणखी काही लावायची गरज काय? लावलेलं एक खोटं निघालं की समोरचा बाकीच्या सगळ्यावर बोट ठेवायला मोकळा होतो.

जागेचा घोळही असाच. 'स्टेडियम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुटबॉलचं उघडं मैदान येतं. कैदी तशा मैदानातही होते, पण ते राष्ट्रीय स्टेडियम. हाराला ठेवलं ते एस्तादियो चिले, छप्पर असलेलं बंदिस्त क्रीडागृह. आज त्या क्रीडागृहाला हाराचंच नाव आहे. आतले दिवे दिवसरात्र चालू असायचे आणि कैद्यांना वेळेचा पत्ता लागायचा नाही. तिथला प्रसंग अंधारात चित्रित केला तर छळाची ती तऱ्हाच निसटते. त्याच उजेडात त्याने कागदाच्या तुकड्यावर शेवटची कविता लिहिली, 'आम्ही इथे पाच हजार आहोत' अशी. ती पुरी झाली नाही. सोबतच्या कैद्यांनी ती लपवून बाहेर पोचवली.

पुढचं सगळं अशाच साध्या माणसांनी निभावलं. नागरी नोंदणी कार्यालयातल्या एका तरुण कर्मचाऱ्याने बेवारस प्रेतांमध्ये त्याला ओळखलं आणि जीव धोक्यात घालून जोनच्या घरी निरोप नेला. दफन गुपचूप झालं, जेमतेम दोन-तीन माणसांत. जोन मूळची ब्रिटिश. दोन मुलींना घेऊन देशाबाहेर पडली, आणि ध्वनिमुद्रणंही बाहेर निघतील अशी व्यवस्था केली. लष्कराने त्याच्या मूळ टेप नष्ट केल्या होत्या. आज आपण जे ऐकतो ते त्या वाचलेल्या प्रतींमुळे.

आणि आता आपल्या ओळखीचा कागद, नागरिकत्वाचा अर्ज. हाराच्या हत्येचा आरोप असलेला चिलीच्या लष्करातला माजी लेफ्टनंट पेद्रो बारियेंतोस अमेरिकेत आला आणि नागरिक झाला. १९७३ मध्ये चिलीत झालेल्या खुनाचा खटला इथे चालवता येत नव्हता, म्हणून जोन आणि मुलींनी छळाच्या बळींसाठी असलेल्या कायद्याखाली दिवाणी दावा लावला. जून २०१६ मध्ये ऑरलँडोच्या ज्यूरीने त्याला जबाबदार धरून २ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली. दावा दिवाणी, त्यामुळे तुरुंगवास शून्य. तो आरोप नाकारत डेल्टोनातच राहिला. माहितीपट इथेच थांबतो, कारण २०१९ पर्यंत बारियेंतोसच्या बाबतीत तेवढंच झालं होतं. शिवाय माहितीपटाचा सगळा रोख या एकाच माणसावर आहे, आणि ती त्याची खरी उणीव. चिलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये याच प्रकरणात सात माजी लष्करी लोकांच्या शिक्षा कायम केल्या.

बारियेंतोस अडकला तो अर्जात. नागरिकत्वाचा एन-४०० आपल्यातल्या पुष्कळांनी भरलाय. लष्करात होतात का, कुणाच्या छळात सहभागी होतात का, एकामागून एक 'नाही'वर खूण करत आपण पुढे जातो. बारियेंतोसने आपल्या अर्जांत लष्करी सेवेची माहिती जाणूनबुजून लपवली असं ठरलं आणि जुलै २०२३ मध्ये नागरिकत्व रद्द झालं. अशा दिवाणी कारवाईला मुदतीचं बंधन नसतं, किती का वर्षं उलटलेली असेनात. ऑक्टोबरमध्ये त्याला डेल्टोनात पकडलं आणि १ डिसेंबरला विमानाने सांतियागोला पोचवलं. जोन हारा १२ नोव्हेंबरला वारली होती, पन्नास वर्षं पाठपुरावा करून, एकोणीस दिवस आधी.