किडनी-हृदयाच्या रुग्णाला आडसर, 'हलकं' मीठ आणि गोळी बंद? थांबा

गोव्यात काणकोणपासून पेडण्यापर्यंत फिरणाऱ्या एका व्हॉट्सॲप संदेशाचा गोषवारा असा: किडनी आणि हृदय दोन्ही कमकुवत असलेली माणसं अचानक जातात ती नस तुंबून. ईसीजी चांगला असेल, लघवी होत असेल तर भिण्याचं कारण नाही. रोज एक आडसर (शहाळं) प्या, कमी सोडियमचं मीठ वापरा आणि किडनी 'खाणारी' प्रेशरची गोळी सोडा.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल. पण सल्ला चुकीच्या माणसाला दिला आहे.

'अचानक गेला म्हणजे ॲटॅकच'

दर वेळी नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांत हृदयाच्या कारणाने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू अचानक होतात, आणि त्यांतले बरेच ठोक्यांची लय बिघडल्याने. 66 डायलिसिस रुग्णांच्या त्वचेखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवून सहा महिने केलेल्या नोंदी 2018 मध्ये प्रसिद्ध झाल्या. बेफाम धावणाऱ्या ठोक्यांपेक्षा मंदावलेले ठोकेच त्यांत अधिक आढळले. शॉक देणारं यंत्र आधीच बसवून ठेवलं तर? नेदरलँड्समध्ये तेही करून पाहिलं गेलं. 2019 च्या त्या निष्कर्षांत डायलिसिस रुग्णांचे अचानक मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही.

रोजच्या रोज बदलणारी आणि आपल्या हातात थोडीफार असलेली गोष्ट म्हणजे रक्तातलं पोटॅशियम. ते लिटरमागे साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असावं. हृदयाच्या पेशीत पोटॅशियम जास्त आणि बाहेर रक्तात कमी, या फरकावर ठोक्याची वीज चालते. बाहेरचं वाढलं की फरक घटतो, वीज रेंगाळते आणि शेवटी ठोका पडत नाही. सोम-बुध-शुक्र डायलिसिस असलेल्याला शुक्रवार ते सोमवार हा लांब पल्ला म्हणूनच जड जातो. आठवड्यातून दोनदाच होत असेल तर पल्ला आणखी लांब.

'आडसर हृदयाला चांगलं'

धडधाकट किडनीच्या माणसाने खुशाल प्यावं. आडसराच्या 100 मिली पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका आडसरात 350 मिली पाणी धरलं तर 900 च्या आसपास झालं. डायलिसिस रुग्णाला दिवसभरात सहसा 2000 ते 3000 मिलिग्रॅमची मुभा असते, म्हणजे तिसरा हिस्सा एका आडसरातच संपला, आणि मोजून प्यायच्या पाण्यातलंही तेवढं गेलं.

'उद्या डायलिसिस आहेच, आज पिऊ दे' हा हिशेबही फसवा. चढलेलं पोटॅशियम मशीनवर झपाट्याने उतरतं, आणि ती उतरणही लय बिघडवते.

चतुर्थीचं खतखतं (कंद आणि भाज्यांची रसदार मिश्र भाजी) इथे वेगळं सांगायला हवं. एरवी भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की बरंच पोटॅशियम निघून जातं. खतखत्यात कंद आणि रस दोन्ही ताटात येतात. रुग्णासाठी कंद आधी वेगळे उकळा, पाणी फेका, मग मसाल्यात घाला. रस वाढू नका. करमलं (स्टारफ्रूट) मात्र पूर्ण वर्ज्य. किडनी निकामी असताना त्यांतलं विष बाहेर पडत नाही आणि मेंदूवर जातं: न थांबणारी उचकी, भ्रम, झटके.

'कमी सोडियमचं मीठ सुरक्षित'

पाकिटाच्या मागे पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय का, ते वाचा. 25 टक्के असेल तर 5 ग्रॅम मिठातून जवळपास 650 मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. अशाच मिठाने पक्षाघात कमी झाल्याचं चीनमधल्या 2021 च्या मोठ्या चाचणीत दिसलं, हे खरं. पण किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना तिच्यात घेतलंच नव्हतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये केलेली शिफारसही किडनीच्या रुग्णांना वगळूनच आहे. सैंधवाचा फायदा? काही नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. साधं मीठच, पण कमी.

'लघवी होते, ईसीजी चांगला आहे'

लघवीतून पाणी जातं म्हणजे पोटॅशियम पुरेसं जातं असं नाही. ईसीजीत टी लहर उंच, टोकदार झाली तर धोका कळतो, पण पोटॅशियम 6.5 च्या वर असूनही ईसीजी साधा दिसू शकतो. भरवसा रक्ताच्या तपासणीवर ठेवावा. तीही नीट व्हायला हवी: दंड फार वेळ आवळला, मूठ उघडझाप केली, किंवा नमुना तासन्‌तास पडून मडगावच्या लॅबमध्ये पोचला, तर आकडा खोटाच चढलेला येतो. अनपेक्षित आकडा आला की त्याच दिवशी पुन्हा तपासा. 'लॅब चुकली' म्हणून सोडून देऊ नका.

'प्रेशरची गोळी किडनी खाते'

टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांनी पोटॅशियम वाढतं, हे खरं. म्हणून त्या सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासायचं असतं. पण किडनी फार उतरलेल्या 411 रुग्णांच्या 2022 च्या चाचणीत टेल्मिसार्टन-रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्या थांबवून तीन वर्षांनी किडनीला फायदा झाला नाही. मेटोप्रोलॉलसारखी ठोके मंद करणारी गोळी एकदम तोडणं तर धोक्याचंच.

मात्र पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या तर गप्प बसू नका. अंग सुकतं, किडनी आणखी ढासळते, पोटॅशियम आणि मेटोप्रोलॉलचा परिणाम एकमेकांना जोर देतात आणि नाडी मिनिटाला 40 वर येते. कोणती गोळी किती दिवस थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका.

पाय लुळे वाटले, नाडी मंद लागली, चक्कर आली तर 108. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) असो वा जिल्हा इस्पितळात, दारातच तीन गोष्टी सांगा: किडनीचा रुग्ण, शेवटचं डायलिसिस कधी झालं, गोळ्या कोणत्या. ईसीजी बघून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून दिलं तर हृदय काही मिनिटांत सावरतं, पण त्याने पोटॅशियम उतरत नाही आणि असर तासाभरात ओसरतो. इन्सुलिन-ग्लुकोज पोटॅशियमला काही तास पेशींत ढकलतं. बाहेर काढायला बहुधा डायलिसिसच लागतं, म्हणून बरं वाटलं तरी तिथून उठून घरी येऊ नये.