ऐंशी लाखांचा फ्लॅट आणि वरचे दहा लाख

भाच्याने हडपसरला टू बीएचके बघितलाय, अंडर कन्स्ट्रक्शन, अॅग्रीमेंट व्हॅल्यू 80 लाख, आणि तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे, सरकार लुटतंय, मावशी तुमच्या इंग्लंडात बरं असेल.

आधी लूट किती ते बघू. जीएसटी 5 टक्के म्हणजे 4 लाख. स्टँप ड्युटी पुण्यात 7 टक्के, त्यात 5 मूळ, 1 लोकल बॉडीचा आणि 1 मेट्रो सेस, म्हणजे 5 लाख 60 हजार. रजिस्ट्रेशन 30 हजार. झाले 9 लाख 90 हजार. टीडीएसचा 1 टक्का ग्रुपवर सगळ्यांनी यात मिळवलाय, तो मिळवायचा नसतो, ते 80 हजार बिल्डरच्याच पैशातून कापून सरकारकडे भरायचे असतात. एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत 1 टक्का सुटतो, पण ते सुचवल्यावर ग्रुप एकदम गप्प!

आता इंग्लंड. नव्या घरावर व्हॅट, म्हणजे इथला जीएसटी, शून्य, हे खरंच बरं आहे. स्टँप ड्युटी मात्र इथेही आहे, फक्त टप्प्याटप्प्याने लागते, म्हणजे किमतीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा दर. साडेतीन लाख पौंडांचं घर, आयुष्यातलं पहिलंच असेल तर अडीच हजार पौंड, नाहीतर साडेसात हजार. पण पुण्यात तुमच्या नावावर आधीच फ्लॅट असेल आणि तो 40 हजार पौंडांच्या वरचा असेल, तर तुम्ही इथे 'दुसरं घर' घेताय असं धरतात, कारण जगात कुठेही असलेलं घर मोजतात, आणि नवराबायको एकत्र राहत असतील तर एकाचं घर दोघांचं. मग वर 5 टक्के, तेही पूर्ण किमतीवर. तेच घर, टॅक्स 25 हजार पौंड. त्यामुळे 'इंग्लंडात बरं' हे कोणाला बरं ते आधी विचारा, इथे आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचा गावाकडे फ्लॅट असतोच.

तरी मला इथली एक गोष्ट आपल्याकडे हवी आहे, ते टप्पे. आपल्याकडे 40 लाखांच्या वन बीएचकेला 7 टक्के आणि 4 कोटींच्या फ्लॅटलाही 7 टक्केच. रजिस्ट्रेशनचं तर उलटंच, 1 टक्का पण कमाल 30 हजार, म्हणजे 30 लाखवाला आणि 4 कोटीवाला दोघे सारखेच भरतात. याच्यावर ग्रुपवर कोणी अवाक्षर काढत नाही.

इंग्लंडातही हे टप्पे आधीपासून नव्हते. डिसेंबर 2014 पर्यंत इथे अडीच लाखांच्या वर एक पौंड गेला की अख्ख्या किमतीवर 1 ऐवजी 3 टक्के लागायचे, अडीच हजाराचे साडेसात हजार व्हायचे. मग बदललं ते.

आपल्याकडे त्याऐवजी सेल लागतो. 2020 च्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मूळ ड्युटी 5 वरून 2 टक्क्यांवर आणली, मार्च 2021 पर्यंत 3, आणि मग परत जैसे थे. 2020 च्या ऑगस्टमध्येच ज्यांनी रजिस्ट्रेशन उरकलं त्यांनी काय पाप केलं होतं? सवलत द्यायचीच तर पहिलं आणि लहान घर घेणाऱ्याला कायमची द्या, आणि 4 कोटीवाल्याकडून थोडे जास्त घ्या, तो काही त्यासाठी ठाण्याला राहायला जाणार नाही.

भाच्याला एवढंच सांगितलंय, बिल्डर 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणाला की प्रत्येक आकडा वेगळा लिहून माग.