उंबऱ्याशी केलेली शू

आज सकाळी साडेसहाला इंदूरच्या लोकमान्य नगरात जे पाहिलं, त्यानं अजून डोकं तापलेलं आहे.

उघड्या दारातून सगळं दिसत होतं. जेमतेम दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, नुकतंच झोपेतून उठलेलं. दाराच्या आत, उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर कोटा फरशीवर शू केलेली. घरातल्या मोठ्या माणसानं त्याला मानगुटीला धरलं, नाक त्या शूमध्ये घासलं आणि वर पाठीत चापट. पिल्लू उताणं झालं, पोट वर केलं आणि त्याची आणखी चार थेंब शू झाली. "पुन्हा केली बघ!" म्हणून आणखी एक चापट.

इथे वाचणाऱ्यांपैकी कुणीही तान्ह्या लेकरानं दुपटं ओलं केलं म्हणून त्याला मारणार नाही. मग कुत्र्याच्या लेकराला का?

ते नंतरचे चार थेंब म्हणजे हट्ट नव्हता. घाबरलेलं पिल्लू मोठ्यापुढे शरण जातं तेव्हा असंच उताणं होतं आणि शू सुटते. "मी लहान आहे, मारू नका" हे सांगायची त्याची ती भाषा आहे. त्यावर मारलं की भीती वाढते आणि थेंबही वाढतात. अशा पिल्लाशी वाकून, अंगावर ओणवं होऊन बोलायचं नाही. बाजूला खाली बसायचं आणि त्याला आपण होऊन जवळ येऊ द्यायचं.

आता हिशोब बघा. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते शू धरू शकतं, आणि तेही शांत पडून असेल तर. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास. जागं असेल, खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासानं न्यायलाच हवं. झोपून उठलं की लगेच न्या. खाल्ल्यावर पाच ते तीस मिनिटांत न्या. खेळ संपला की न्या. खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगायला लागलं, गोल फिरायला लागलं, की उचला आणि चला. उचलूनच न्या, चालवत नेलंत तर वाटेतच होईल.

जागा रोज एकच ठेवा. पट्टा लावा, तिथे उभे राहा, पाच मिनिटं गप्प. खेळवू नका, मोबाइल बघू नका. शू सुरू झाली की हळू आवाजात ठरलेला एकच शब्द म्हणा. संपली की दोन सेकंदांच्या आत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा, तिथल्या तिथे. घरात येऊन डबा उघडून दिलात तर पिल्लू एवढंच शिकतं की घरात आलं की खाऊ मिळतो. निम्मी मेहनत इथेच वाया जाते.

लसी पूर्ण झालेल्या नसताना रस्त्यावर नेऊ नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पार्व्हो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. तोवर आपलं अंगण, नाहीतर गच्चीवर पसरट ट्रेमध्ये माती घालून ठेवा. शू पुसलेला कागद त्या मातीवर ठेवलात तर वासानं जागा लवकर कळते.

खाणं ठरल्या वेळी, दिवसातून तीन-चारदा. वीस मिनिटांत वाटी उचलायची. दिवसभर वाटी भरलेली असेल तर शी कधी येणार ते देवालाच ठाऊक. दूध-पोळी तर नकोच, दुधानं पातळ होते आणि मग शिव्या पुन्हा पिल्लालाच. पाणी मात्र तोडू नका, आपल्या इंदूरच्या उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

नोकरी करणाऱ्यांना दर दोन तासांनी घरी येणं जमत नाही, मान्य. मग तेवढे महिने शेजारच्या काकूंना विनंती करा, नाहीतर पिल्लू आणूच नका.

त्या घरात पुढे काय झालं? फिनाइलचा पोछा. आपलं शहर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण फिनाइलनं वास आपल्या नाकापुरता जातो. पिल्लाला शूचा वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. शिवाय काळं फिनाइल पंजाला लागतं, पिल्लू पंजा चाटतं आणि ते विष पोटात जातं. आधी कागदानं टिपून घ्या, घासू नका. मग शूचा वास मुळापासून मोडणारं एन्झाइमचं क्लीनर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. फरशांच्या सांध्यात जास्त ओता, शू तिथेच मुरते. व्हिनेगर सिरॅमिक टाइल्सवर चालतं. कोटा आणि संगमरवरावर नको, दोन्ही चुन्याचे दगड, आंबटानं चकाकी जाते.

"पण त्याला कळतं हो, बघा कसं अपराधी तोंड करतं!" हे वाक्य ऐकलं की माझा तोल जातो. ते तोंड तुमच्या चढलेल्या आवाजाचं आहे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रयोग करून दाखवलं की काहीही न केलेली कुत्रीसुद्धा ओरडल्यावर तस्संच तोंड करतात. मार खाऊनही काही पिल्लं शिकतात, हेही खरं. पण शिकतात काय? माणसासमोर शू करायची नाही. मग सोफ्यामागे करतात, आणि तुम्ही अंगणात उभे असलात की धरून ठेवतात.

तीन आठवड्यांचं पिल्लूसुद्धा आईची कूस सोडून बाजूला जाऊन शू करतं. स्वच्छता त्याच्या अंगातच असते. अरुंद पिंजऱ्यात ठेवून विकतात, तिथे झोपायच्या जागीच करावी लागते आणि ती सवय मोडते. असं पिल्लू घरी आलं तर दोन-तीन महिने जास्त धरा, रागवू नका. आणि रोजचं बरं चाललेलं असताना अचानक दर दहा मिनिटांनी थेंब-थेंब व्हायला लागली, किंवा लालसर दिसली, तर डॉक्टरकडे. तो संसर्ग असू शकतो.

आता ती वीतभर जागा पुन्हा आठवा. अख्खी बैठक मोकळी होती, कोपरे होते, पायपुसणं होतं. पिल्लू झोपेतून उठून दारापर्यंत आलं होतं. दार तेव्हा अजून उघडलेलं नसणार. जेवढं धरता आलं तेवढं धरलं आणि उंबऱ्याशी सुटली. दोन महिन्यांच्या जिवाला बाहेर जायचं असतं हे कळलं होतं हो! आणि नेमकं तिथेच त्याचं नाक घासलं.

त्या घरच्यांनी हे वाचलं तर: रात्री बाराला एकदा न्या, तीनला एकदा, दिवा न लावता, न बोलता. सकाळचा गजर सहाचा लावा. आणि दाराच्या खालच्या बाजूला, त्याचं नाक पोचेल अशी, एक छोटी घंटी दोरीनं बांधा. नेताना दर वेळी त्याच्या नाकानं ती हलवा आणि लगेच दार उघडा.