तो हात ‘टाटा’ करायला नसतो

विमान गेटवरून मागे ढकलतानाच्या व्हिडिओखाली एक मजकूर हमखास चिकटवलेला असतो. त्याचा सारांश असा: पुशबॅक म्हणजे गाडी रिव्हर्स घेण्यासारखंच. विमानाला इंजिनं उलटी लावून स्वतःहून मागे येता येतं, टग, म्हणजे विमान ढकलणारा ट्रॅक्टर, लावतात तो फक्त इंधन वाचवायला. पायलटला वरून सगळं दिसतं, पंखांच्या टोकाशी काठ्या घेऊन चालणारी माणसं निव्वळ शोभेची. वेग माणसाच्या चालीचा, त्यामुळे धोका असा काही नाहीच. आणि शेवटी खालचा माणूस हात वर करतो तो प्रवाशांना टाटा करायला.

वाचायला गोड आहे. खरं मात्र त्यात फार थोडं आहे.

सुरुवात इंजिनापासून करू. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलं नसतं. हातगाडीच्या चाकांसारखी ती नुसती फिरतात. विमान हलतं ते हवेच्या झोतावर. आजच्या जेट इंजिनांत रिव्हर्स लावला की फक्त पंख्याकडून येणारी बाहेरची हवा पुढे वळते, गाभ्यातला गरम झोत मागेच जात राहतो. विमान मागे हलवायचं तर इंजिनाचा जोर बराच वाढवावा लागतो. मग जमिनीवरचे खडे, धूळ, एखादा विसरलेला बोल्ट उडून थेट इंजिनाच्या तोंडाशी. पंखांखाली इंजिनं असलेल्या विमानात ती तोंडं जमिनीला जवळजवळ टेकलेलीच असतात. अमेरिकेत 1980 च्या दशकात काही कंपन्या असा प्रकार रोज करत होत्या, हे मान्य. पण त्यांची डीसी-9, एमडी-80 सारखी विमानं होती, इंजिनं शेपटाशी, उंचावर.

याची एक कडू आठवणही आहे. 13 जानेवारी 1982 ला वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर बर्फ पडत होता. एअर फ्लोरिडाचं बोइंग 737 गेटवरून हलेना, कारण टगची चाकं बर्फावर घसरत होती. वैमानिकांनी रिव्हर्स लावून पाहिला. विमान ढिम्म. शेवटी चाकांना साखळ्या लावलेला दुसरा टग आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते विमान पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळलं आणि 78 माणसं गेली. मुख्य कारणं वेगळी होती: इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद होती आणि पंखांवर बर्फ असतानाच उड्डाण केलं गेलं. पण रिव्हर्सच्या झोताने उडालेला बर्फाचा रेंदा पंखांच्या पुढच्या कडांवर बसला असावा, याचाही तपासात विचार झाला. इंधनाची बचत हे टगचं खरं कारण नव्हे, हे एवढ्यावरून पटावं.

मागे जाणाऱ्या विमानात आणखी एक मेख असते, ती कारवाल्याच्या डोक्यात येत नाही. मागे सरकताना पायलटने जोरात ब्रेक दाबला तर विमानाचं नाक उचललं जाऊन ते शेपटावर बसू शकतं, किंवा टो-बार, म्हणजे टग आणि विमानाच्या नाकाचं चाक जोडणारा दांडा, तुटतो. म्हणून पुशबॅक चालू असताना पायलटने पाय ब्रेकपासून लांब ठेवायचे असतात. समोर बसलाय, कॅप्टन आहे, पण त्या दोन-तीन मिनिटांत स्टिअरिंगही त्याचं नाही आणि ब्रेकही नाही. एअरलायनर ज्या माणसाच्या हातात असतं, तो खाली टगवर बसलेला असतो.

‘पायलटला सगळं दिसतं’ हे तर मुळातच चूक. कॉकपिटला मागचा आरसा नसतो. 747, 777, ए380 अशा मोठ्या विमानांत वैमानिकाला स्वतःच्या पंखाचं टोकसुद्धा नीट दिसत नाही. एप्रिल 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर एका ए380 च्या पंखाने उभ्या असलेल्या छोट्या जेटच्या शेपटाला धडक देऊन ते अख्खं विमान फिरवलं. ते पुढे जाताना घडलं, पुशबॅकमध्ये नव्हे. म्हणजे समोर तोंड असतानाची ही गत. त्यानंतर 2012 मध्ये अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा विमानांना कॅमेऱ्यासारखी साधनं बसवावीत अशी शिफारस केली. तोवर पंखाच्या टोकाला डोळे असतात ते त्या काठीवाल्या माणसाचेच. त्याने काठ्या फुली करून धरल्या की टगवाला थांबतो. शोभेची माणसं असं काही थांबवत नाहीत.

वेगाचं म्हणाल तर चाल माणसाची खरी, पण वजन? ए320 जातीचं विमान भरलेलं असताना 70 टनांच्या घरात जातं. त्यातला विसावा ते दहावा हिस्सा पुढच्या दोन बारक्या चाकांवर. त्या चाकांपासून काही पावलांवर हेडसेटवाला, म्हणजे खालून कॉकपिटशी बोलणारा माणूस, चालत असतो. कानावर जाड मफ, वायर विमानाच्या नाकात खोचलेली. एक नजर टो-बारवर, एक मागे, आणि पायाखाली ओली जमीन. वायरीत पाय अडकून पडला, तर विमानाला त्याचा साधा धक्काही जाणवणार नाही. म्हणूनच चाकांच्या रेषेत चालायचं नाही, टो-बार ओलांडायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बऱ्याच ठिकाणी आता बिनवायरीचा हेडसेट आला, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कमी कौतुक झालेली सुधारणा.

टो-बारमध्ये एक मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन असते. ताण हाताबाहेर गेला की ती तुटते आणि नाकाचं चाक वाचतं. मात्र ती तुटली की विमान मोकळं सुटतं, आणि टगवाल्याने ब्रेक कितीही दाबला तरी ते थांबत नाही. अशा वेळी हेडसेटवरून वर सांगावं लागतं आणि पायलटने हळुवार ब्रेक लावायचा असतो.

आता तो टाटा. पुशबॅकआधी नाकाच्या चाकापाशी दुसरी एक पिन खोचतात, बायपास पिन. तिच्यामुळे कॉकपिटमधलं स्टिअरिंग चाकापासून तुटतं. ती नसेल आणि वर कुणी चुकून स्टिअरिंग हलवलं, तर हायड्रॉलिकच्या जोराने टो-बार एखाद्या दांडक्यासारखा फिरून जवळच्या माणसाचे पाय मोडू शकतो. पुशबॅक संपलं, पार्किंग ब्रेक लागला, टग सुटला की ती पिन काढायची.

एव्हाना इंजिनं सुरू झालेली असतात. नुसत्या आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, असतानाही 737 च्या इंजिनापुढे साधारण 3 मीटरच्या आत कुणी जायचं नसतं. डिसेंबर 2015 मध्ये मुंबई विमानतळावर एका ए319 चं पुशबॅक झालं होतं. खालची माणसं बाजूला व्हायच्या आतच विमान पुढे निघालं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मेला. पुशबॅकचा खरा धोका इथे, ताबा टगवाल्याकडून परत कॅप्टनकडे जातो त्या घटकेला. खालच्याला वाटतं वरचा थांबलाय, वरच्याला वाटतं खालचे गेले.

त्यासाठी तो हात. टग बाजूला झाल्यावर हेडसेटवाला कॉकपिटला दिसेल अशा जागी उभा राहतो आणि लाल फीत लोंबणारी पिन उंच धरतो. टग गेला, टो-बार गेला, माणसं मोजून बाजूला झाली, स्टिअरिंग परत तुझं, एवढं सगळं त्यात आलं. वरून कॅप्टन काचेमागे हात दाखवतो: पिन पाहिली. खिडकीतून पाहणाऱ्या प्रवाशांनी हवा तर त्याला परत टाटा करावा. तो मात्र त्या वेळी तुमच्याकडे बघत नसतो, नाकावरचा टॅक्सी लाइट लागतोय का ते बघत असतो.