गाडीही स्विफ्ट, पैसेही स्विफ्ट

जुनी गाडी विकायची असेल तर नागपुरातल्या माणसाला विकू नका. हा माझा पहिला सल्ला. नागपूरचा माणूस एकटा येत नाही, सोबत ओळखीचा मिस्त्री आणतो. दोघं बॉनेट उघडून आत बघत उभे राहतात, जणू विहिरीत बादली पडली आहे. मग मिस्त्री "हंऽऽ" म्हणतो. त्या एका "हं"चे दहा हजार कटतात. मग चहा. मग "भाऊ, आता फायनल सांगा." आपण फायनल सांगतो, तो त्यातून आणखी चाळीस काढतो आणि "घरी इचारून सांगतो जी" म्हणून जातो तो जातोच.

त्यापेक्षा परदेशातल्या माणसाला विका. तिथले लोक घासाघीस करत नाहीत.

माझी पांढरी स्विफ्ट. २०१४ची, एमएच ३१, फर्स्ट ओनर, एचएसआरपी पाटी बसवलेली (त्या पाटीसाठी काय काय करावं लागलं ते तुम्हीही केलंच असेल, सोडा). जाहिरातीत लिहिले तीन लाख साठ हजार, म्हणजे मनात तीन दहा. रविवारी दुपारी जाहिरात टाकली आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर परदेशी नंबरवरून मेसेज आला. मुलगा समुद्रातल्या तेलाच्या रिगवर इंजिनियर, आईवडील वर्ध्याला, बाबांना वाढदिवसाला गाडी द्यायची आहे. पाहायला कोणी येणार नाही, फोटो पुरे. आणि किंमत? "नो इश्यू सर."

पुन्हा वाचा. विदर्भात, जुन्या गाडीला, सांगितलेल्या किमतीवर, "नो इश्यू". तिथेच मी फोन उलटा ठेवून झोपायला पाहिजे होतं. मी काय केलं? बायकोला उठवलं. म्हटलं, "अगं, जगात अजून सज्जन माणसं आहेत." ती म्हणाली, "असतीन. झोपा आता."

तर असा सज्जन तुम्हालाही भेटला, तर काय काय करायचं ते सांगून ठेवतो.

एक. व्हिडिओ कॉलचा आग्रह धरू नका. समुद्रात नेटवर्क नसतं. फोटो मागायला, खाते क्रमांक मागायला आणि दर तासाला "सर, डन?" विचारायला पुरेल एवढंच असतं.

दोन. भारतीय माणूस परदेशात नोकरीला आहे, म्हणजे त्याचं इथे एनआरई किंवा एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं असणार, मग तो त्यातून सरळ रुपयांत एनईएफटी का करत नाही, असले खोचक प्रश्न विचारू नका. एनईएफटी डिसेंबर २०१९पासून चोवीस तास चालते, रविवारीसुद्धा. दोन लाखांच्या वरच्या रकमेला आरटीजीएस आहे, तीही डिसेंबर २०२०पासून चोवीस तास. पण इतकं सोपं करायचं तर माणसाने समुद्रात जायचंच कशाला? त्याने डॉलर पाठवले पाहिजेत, आणि तेही "स्विफ्ट वायर"ने, म्हणजे परदेशी बँकेतून इथल्या बँकेत. मला तर त्यात शकुन दिसला. गाडीही स्विफ्ट, पैसेही स्विफ्ट.

तीन. तो तुमचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागेल. भारतातल्या खात्यांना आयबॅन नसतो. खाते क्रमांक, आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड, एवढ्यावर आपल्याकडे परदेशातून पैसे येतात. पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? मी बँकेत गेलो, रांग लावली आणि खिडकीशी पोचून म्हटलं, "माझा आयबॅन द्या." काउंटरवरच्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या बावीस लोकांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आधार लिंक आहे का?"

चार. पीडीएफ आली म्हणजे पैसे आले.

हे नीट समजून घ्या, कारण इथे फार शिकण्यासारखं आहे. बुधवारी सकाळी मला पीडीएफ आली. वर पृथ्वीचा गोळा, त्याखाली "एमटी १०३", म्हणजे बँकांच्या आपसातल्या निरोपाचा नमुना, त्याखाली आकड्यांचे रकाने. ३२ए मध्ये तारीख आणि ५,००० डॉलर. ५९ मध्ये माझं नाव, आडनावातलं एक अक्षर खाऊन. ७१ए मध्ये 'ओयूआर', म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. आणि सगळ्यात खाली निळ्या शाईची सही आणि गोल शिक्का. शिक्का! एका बँकेच्या कॉम्प्युटरने दुसऱ्या बँकेच्या कॉम्प्युटरला पाठवलेला संदेश, आणि त्याच्यावर ग्रामपंचायतीच्या दाखल्यासारखा गोल शिक्का. मी तो शिक्का मोठा करून पाहिला आणि मला आणखी भरवसा वाटला. एमएस्सी आहे मी.

स्विफ्ट ही संस्था १९७३मध्ये बेल्जियममध्ये निघाली. ती पैसे पाठवतच नाही, फक्त निरोप पोचवते. अमक्या खात्यात इतके जमा करा, असा एका बँकेचा दुसऱ्या बँकेला निरोप. पैसे बँकांच्या आपसातल्या खात्यांतून फिरतात. त्या निरोपाचा कागद तुमच्या हातात आला म्हणजे काय आलं? कागद आला. त्यात हा एमटी १०३ सीमापार पेमेंटसाठी बँकांनी नोव्हेंबर २०२५मध्ये बाजूला ठेवला, आता निरोप नव्या साच्यात जातात. ठगांनी मात्र जुना छापखाना अजून बंद केलेला नाही. कशाला करतील, चालतोय की!

आता त्या ५,००० डॉलरचं. हिशेब केला तर साडेचार लाखांच्या घरात जातात, आणि मी मागितले होते तीन साठ. विचारलं तर म्हणे, वरचे नव्वद हजार ट्रान्सपोर्टवाल्याचे, सर, तेवढे तुम्ही त्याला देऊन टाका, तो कंटेनर घेऊन येईल. कंटेनर! नागपूर ते वर्धा अंतर किती? तासदीड तासाचं. नव्वद हजारांत मी ती गाडी डोक्यावर घेऊन गेलो असतो आणि वाटेत बुटीबोरीला तर्री पोहे खाल्ले असते. पण नाही! पीडीएफ आली होती ना! साडेचार लाख रस्त्यात होते ना! मग बुकिंगचे पंधरा हजार मी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या बोटाने, स्वतःचा पिन टाकून यूपीआयने पाठवले. हिरवी खूण आली, टुंग वाजलं. ट्रान्सपोर्टवाल्याने हात जोडल्याचा इमोजी पाठवला.

आणि खरी वायर कशी असते माहिती आहे का? ती वाटेत झिजते. मधली बँक आपला खर्च कापते, आपली बँक कापते, डॉलरचे रुपये करताना बँकेचा भाव लागतो, त्यावर जीएसटी. वर बँक तुम्हालाच विचारते की हे पैसे कशाचे, आणि त्याचा पर्पज कोड भरून घेते. शंभर निघाले तर पोचेपर्यंत काहीतरी कमीच होतात. वाटेत फुगलेली वायर आजवर कोणाच्या खात्यात आलेली नाही. मागितल्यापेक्षा जास्त पैसे कोण देतं? सख्खा भाऊ देतो का? आपल्या शेतीच्या वाटणीत कोणी दिले होते?

तीन दिवस मी पासबुक छापायच्या मशीनपाशी उभा. पहिल्या दिवशी मशीन बंद. दुसऱ्या दिवशी चालू, पण माझ्या पुस्तकाची पानं संपलेली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरकडे पीडीएफ घेऊन गेलो. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाले, फॉरेक्सचं काम या ब्रँचला होत नाही, मोठ्या ब्रँचला जा. मोठ्या ब्रँचला गेलो तर त्या टेबलावरचे साहेब सुट्टीवर. उद्या? उद्या दुसरा शनिवार. "सोमवारी या." "हे खरं आहे की खोटं एवढं तरी सांगा हो." "तसं आम्हाला सांगता येत नाही, सर. मेल टाकून ठेवा." अहो, तुमच्याच सिस्टीममध्ये माझ्या नावाने काही आलंय की नाही, एवढं एक बटण दाबून बघायला सोमवार कशाला पाहिजे? भिंतीवर ही एवढी पोस्टरं लावलीत, 'सावध रहा, सतर्क रहा'. सावध होऊन माणूस विचारायला आला, तर त्याला टोकन देता!

सोमवार उजाडायच्या आत मेल आला. तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेत अडकले आहेत, सोडवायला ९,८०० रुपये भरा. मी भरणारच होतो. ॲप उघडलंही होतं. तेवढ्यात सौभाग्यवतींचा धाकटा भाऊ आला होता, तो दहावी नापास, मानेवाड्यात टायरचं दुकान आहे त्याचं. सोफ्यावर बसून चिवडा खात होता. म्हणाला, "भाऊजी, पैसे घ्याले पैसे कायले लागते जी?"

आणि चिवडा खात राहिला.

पाच. फॉर्म २९ आणि ३०वर (आरटीओचे गाडी नावावर करायचे फॉर्म) कोऱ्या सह्या करून द्या, तारीख तो टाकून घेईल.

सहा. फास्टॅग चालूच ठेवा. समृद्धीवर कोणी तुमच्या पैशाने ७०१ किलोमीटर फिरून आलं तर पुण्यच लागतं.

सात. तक्रार लगेच करू नका. दोन दिवस विचार करा, लोक काय म्हणतील ते पाहा. मी तसंच केलं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मला पाठ होता, कारण मध्यंतरी कित्येक महिने प्रत्येक फोनच्या आधी तो ऐकवत होते. बहिणीला फोन लावला तरी आधी सायबर फसवणूक, मग बहीण. इतकं ऐकूनही नंबर फिरवला दोन दिवसांनी. तोवर माझे पंधरा हजार चार खात्यांतून पुढे गेले होते आणि कुठल्यातरी एटीएममधून बाहेरही पडले होते.

आठवा सल्ला लिहायला घेतला होता, पण काल आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला. त्यांची ॲक्टिव्हा एका "फौजी"ने न पाहता घेतली, ॲडव्हान्सचा क्यूआर पाठवलाय, स्कॅन होत नाही, कोणी मदत करेल का. ज्या काकांना मी पार्किंगमध्ये उभं करून माझी सगळी कथा सांगितली होती ते हेच काका. तेव्हा म्हणाले होते, "तुम्ही तर शिकलेले ना हो?"

आता मस्करी पुरे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. यायला पिन लागत नाही, फी लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांची खाती ठेवत नाही आणि पैसे अडकवून ९,८०० मागत नाही. स्क्रीनशॉट, पीडीएफ, एसएमएस, यातलं काहीही म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःचं ॲप स्वतः उघडायचं आणि शिल्लक बघायची. चेक टाकला असेल तर तो वटेपर्यंत थांबायचं. परदेशातून खरंच पैसे आले, तरी बँकेत जाऊन विचारायचं की हे पक्के जमा झालेत का, पाठवणारा कोण आहे, आणि ज्याच्याशी बोलणं झालं तोच आहे का. कोणाचं तरी हॅक केलेलं खातं रिकामं करून तुमच्या खात्यात टाकलं असेल, तर दोन महिन्यांनी कुठल्यातरी राज्याचे सायबर पोलीस तुमचं खातं गोठवतील. मग गाडी गेलेली, पगार अडकलेला, हप्ता बाउन्स. आणि तुम्ही म्हणाल, "पण मी तर फक्त गाडी विकली!"

कोऱ्या फॉर्मवर सही करायची नाही म्हणजे नाही. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. उद्या तुमची विकलेली गाडी कोणाला उडवून गेली तर नोटीस तुमच्या दारात येईल. विकल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एजंट करेल म्हणून सोडून देऊ नका, पावती मागा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा.

माझी गाडी गेल्या पंधरवड्यात गेली. आधीचाच तो मिस्त्रीवाला परत आला. तीन पाचला तुटलं. तो रोख देतो म्हणत होता. मी नाही म्हटलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर आयकरवाले तेवढाच दंड लावू शकतात. त्याच्या बँकेत दोघं शेजारी बसलो, त्याने आरटीजीएसचा फॉर्म भरला, चाळीस मिनिटांनी माझ्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली मी तीनदा पाहिली. मग सह्या, मग डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ, मग किल्ली. त्याला माझा राग आला असेल, येऊ दे.

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर तो क्यूआर आधी डिलीट करा. पैसे गेले असतील तर आत्ता, या मिनिटाला १९३० लावा. उद्या बँक उघडल्यावर बघू, मुलगा पुण्याहून आला की बघू, असं करत बसू नका. माझ्याकडे येऊन विचारू तर मुळीच नका, मी फोनच लावायला सांगणार आहे.