मशीन एक, चुली वेगळ्या

पीएचपी या वेबसाइटींच्या भाषेसाठी सीमध्ये स्वतःचं एक्स्टेन्शन (त्याला नवी फंक्शनं देणारी जोडणी) बनवायचं, तर ते लिहिणं हा त्यातला सोपा भाग. पीएचपीच्या सोर्समध्ये ‘एक्स्ट_स्केल’ नावाची स्क्रिप्ट आहे. तिला नाव सांगितलं की सांगाडा आयता हातात पडतो, वर टेस्ट१ नि टेस्ट२ ही दोन फंक्शनं फुकट. पुढे चारच कमांड: पीएचपीआइझ, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. कागदावर तरी.

उबुंटूवर पहिलीच कमांड सापडत नाही, कारण ती ‘पीएचपी-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात असते. ते टाकलं, चारही कमांड बिनबोभाट झाल्या, की पीएचपी कुरकुरतं: तुझं मोड्यूल (म्हणजे एक्स्टेन्शनच) २०२१०९०२ एपीआयचं, मी २०२२०८२९ चा. हे आकडे पीएचपीच्या आवृत्त्यांचे: पहिला म्हणजे ८.१, दुसरा ८.२. एकाच मशीनवर दोन-तीन पीएचपी नांदतात, पण चुली वेगळ्या, ८.१ च्या चुलीवर रांधलेलं ८.२ तोंडात घालत नाही. म्हणून मी पीएचपीआइझही ८.२ चंच चालवतो आणि कॉन्फिगरला ‘--विथ-पीएचपी-कॉन्फिग’मधून ८.२ च्या पीएचपी-कॉन्फिगचा पूर्ण पत्ता देतो. त्याआधी ‘पीएचपीआइझ --क्लीन’, नाहीतर मागचं खरकटं नव्यात मिसळतं.

‘मेक इन्स्टॉल’ फाइल नुसती जागेवर नेऊन ठेवतं, चालू करत नाही. त्यासाठी आयएनआय फायलीत, म्हणजे पीएचपीच्या सेटिंगच्या फायलीत, ‘एक्स्टेन्शन=’ची ओळ हवी. कुठल्या आयएनआयमध्ये? इथे खरी गंमत. टर्मिनलवर ‘पीएचपी -एम’च्या यादीत नाव झळकतं, ब्राउझरमध्ये मात्र फंक्शनचा पत्ता नाही. सीएलआयची (टर्मिनलवरच्या पीएचपीची) आयएनआय वेगळी, एफपीएमची (वेबसाठी चालणाऱ्या पीएचपीची) वेगळी. शिवाय एफपीएम रीस्टार्ट केल्याशिवाय नवी ओळ वाचतच नाही.

माझा सगळ्यात लाडका एरर म्हणजे ‘अवैध लायब्ररी (कदाचित पीएचपीची नसावी)’. त्या ‘कदाचित’मधला संकोच बघा! बहुतेक वेळा सी फायलीच्या डोक्यावरची, ‘कॉन्फिग.एच’ ही फाइल जोडणारी ओळ उडालेली असते. त्यातला ‘कंपाइल_डीएल’वाला मॅक्रो नसला की ‘गेट_मोड्यूल’ हे फंक्शन तयारच होत नाही, आणि पीएचपी आत शिरायला दार शोधत बसतं.

एवढं पार पडलं की सेगफॉल्ट, म्हणजे मेमरीत भलतीकडे हात गेल्याने प्रोग्राम कोसळणं. फंक्शनला दिलेल्या किमती वाचणाऱ्या ‘झेंड_पार्स_पॅरामीटर्स’ला ‘एल’ (पूर्णांक) सांगून साध्या इंटचा पत्ता दिला, तर ६४-बिट मशीनवर चार बाइटांच्या जागेत आठ बाइट कोंबले जातात. कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण त्या फंक्शनच्या व्याख्येतल्या तीन ठिपक्यांमागे (म्हणजे ‘पुढे काहीही येऊ दे’) काय गेलं ते त्याला तपासता येत नाही. तिथे पीएचपीचा स्वतःचा पूर्णांक-प्रकार, झेंड_लाँगच लागतो.