बर्फाशिवायचा नाताळ आणि घामातली संक्रांत

डिसेंबर लागला की पुण्याहून प्रश्न ठरलेला: "मग, बर्फ पडला का तुमच्याकडे?" आई विचारते, मावशी विचारते, शाळेच्या ग्रुपवरच्या मैत्रिणी विचारतात. आम्ही ऑस्ट्रेलियात मेलबर्नला येऊन बरीच वर्षं झाली, इथे डिसेंबरात भर उन्हाळा असतो, पण परदेश म्हणजे थंडी आणि नाताळ म्हणजे बर्फ, हे डोक्यातून जात नाही. मी फोन फिरवून मागच्या अंगणातलं वाळून पिवळं पडलेलं गवत दाखवते. मग आईचा पुढचा प्रश्न, "पाणी घालत नाहीस का गं?"

आईला काय बोलणार, इथल्या लोकांच्याही डोक्यातून बर्फ गेलेला नाही. शहरात बर्क स्ट्रीटवर मायरच्या दुकानाच्या काचांमागे १९५६ पासून दर नाताळला हलते देखावे मांडतात. ते बघायला पोरंबाळं टोप्या घालून, नाकाला सनस्क्रीन फासून रांगेत उभी असतात. आजूबाजूच्या दुकानांच्या काचांवर फवाऱ्याने मारलेला पांढराशुभ्र बर्फ आणि आत एसी फुल्ल.

आमच्या शेजारच्या बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. बाहेर ३८ डिग्री असो, २५ तारखेला सकाळी सातला त्यांचा ओव्हन सुरू. टर्की, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही, शेवटी गरम पुडिंगवर गरम कस्टर्ड. त्यांची पणजी इंग्लंडहून बोटीने आली तीच हा बेत डोक्यात घेऊन, आणि तो अजून उतरलेला नाही. त्यांची सून मात्र खमकी आहे. ती आदल्या दिवशी बर्फावर ठेवलेली कोळंबी आणते, थंड हॅम कापते, आणि वर स्ट्रॉबेरी, पॅशनफ्रूट घातलेला पावलोव्हा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा कुरकुरीत केक, करते. जेवताना सगळे सुनेच्या बाजूला सरकतात. पुडिंग मात्र प्रत्येक जण एक चमचा घेतो, कारण सासूबाई बघत असतात!

मला हा सगळा प्रकार अतिशय आवडतो. माझं तर स्पष्ट मत आहे की उन्हाळ्यातला नाताळ हाच जास्त चांगला सण आहे. शाळेचं वर्ष नाताळच्या आधी संपतं आणि पुढचं उघडतं जानेवारीच्या शेवटी. म्हणजे दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी एकदमच आली म्हणा ना. ऑफिसं ओस पडतात, लोक तंबू गाडीत टाकून समुद्रावर जातात, पोरं गल्लीत कचऱ्याच्या डब्याचा स्टंप करून क्रिकेट खेळतात. सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमाराला, त्यामुळे "अंधार पडायच्या आत घरी या" असं सांगूनही फार उपयोग नसतो.

आणि आंबे! क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरीतून पेट्याच्या पेट्या येतात. हापूस नाही, मान्य. केन्सिंग्टन प्राइडच्या रसात मी वेलची जरा सढळ हाताने घालते आणि पुढे तक्रार करत नाही. आमच्याकडे २५ डिसेंबरला आमरस-पुरी असते. पुऱ्या तळायला मागच्या अंगणात गॅसची शेगडी लावते, नाहीतर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. सुनेची कोळंबी कुंपणावरून इकडे येते, आमरसाची वाटी तिकडे जाते.

२४ च्या संध्याकाळी सिडनी मायर म्युझिक बोल या खुल्या रंगमंचाच्या हिरवळीवर मेणबत्त्या घेऊन नाताळची गाणी गातात. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाने १९३८ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. मजा अशी की सुरुवातीला चांगला उजेड असतो, मेणबत्ती लावली तरी दिसत नाही. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

या ऋतूला एक भीतीची बाजूही आहे. वणव्याच्या धोक्यामुळे टोटल फायर बॅन, म्हणजे आग पेटवायला बंदी, जाहीर झाली की उघड्यावर कोळसा-लाकूड पेटवायचं नाव काढायचं नाही. गावोगावचे स्वयंसेवक अग्निशामक त्या काळात फोन उशाशी घेऊन झोपतात. हेच लोक नाताळच्या आधी आगीच्या बंबावर सांताला बसवून गल्ल्यांमधून फिरवतात आणि तो वरून गोळ्या-चॉकलेटं टाकतो. स्लेजगाडीवाल्या सांतापेक्षा मला हा सांता कितीतरी खरा वाटतो. बरं, ज्यांना बर्फच हवा त्यांच्यासाठी: २००६ मध्ये २५ डिसेंबरला आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरांवर खरोखर बर्फ पडला होता. त्या वेळी तिथे वणवे पेटलेले होते, त्यामुळे त्याचं कौतुक कार्डावरच्या चित्रापेक्षा निराळ्याच कारणाने झालं.

आणि नाताळला बर्फ लागतोच असं ठरवलं कुणी? वसईत, गोव्यात शतकानुशतकं नाताळ होतोय. नेवऱ्या, दोदोल खाऊन, दारात चांदण्या टांगून. तिथे कुणी बर्फाची वाट बघत बसलं नाही.

आता माझं खरं दुखणं. शेजारच्या सासूबाईंच्या टर्कीला हसणारे आम्ही मराठी लोक जानेवारीत काय करतो? ४० डिग्रीत काळी साडी नेसून, हॉलचा एसी धापा टाकत असताना, एकमेकींच्या हातावर पाघळलेला तिळगूळ ठेवतो. काळा रंग ऊन धरून ठेवतो म्हणून थंडीत घालायचा, तीळ-गूळ उष्ण म्हणून थंडीत खायचा. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असं आपण लहानपणी ऐकलं. इथे २२ डिसेंबरनंतर तो तिळातिळाने लहान होत जातो! हे मी एकदा हळदीकुंकवाला बोलले, तर एक काकू म्हणाल्या, "तू फार विचार करतेस बाई."

तारीख बदला असं मी म्हणत नाही. १४ जानेवारीलाच तिळगूळ द्या, गोड बोला. पण पांढरी सुती साडी नेसायला काय हरकत आहे? सोबत लाडू एकच आणि पन्ह्याचा मोठा ग्लास. जूनमध्ये इथे हाडं गोठतात, तेव्हा गुळाची पोळी करून मी वर्षभराची हौस फेडते. नातवंडांच्या पिढीने ४० डिग्रीत केवळ माझ्या धाकाने लाडू चघळावा, अशी माझी इच्छा नाही.

हे सगळं या वर्षीच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर लिहिलंय. काकूंनी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. उत्तर आलेलं नाही. आमच्या मुलीने मात्र विचारलं, "पन्हं असेल तर मी पण येऊ?" ही मुलगी गेली कित्येक वर्षं हळदीकुंकवाला फिरकलेली नाही.